५ई३ किटचा अ‍ॅम्प्लिफायर: हमिंग, शिट्टी आणि लाल होणारा एकच व्हॉल्व्ह

मांडवीकर

नमस्कार. फेंडर कंपनीच्या ‘डिलक्स’ या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा १९५५ ते १९६० या काळातला जो नमुना ५ई३ या नावाने ओळखला जातो, त्याच्या आराखड्यावर बेतलेले किट मी परदेशातून मागवले आणि रत्नागिरीत घरीच जोडले. ज्यांना हा अ‍ॅम्प्लिफायर परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या टप्प्यात १२एवाय७ हा दुहेरी ट्रायोड आहे. ट्रायोड म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असे तीन भाग असलेला व्हॉल्व्ह; कॅथोडपासून प्लेटकडे जाणारा प्रवाह ग्रिड आवरते. दुसऱ्या टप्प्यात १२एएक्स७ असून त्याचा अर्धा भाग आवाज वाढवतो आणि उरलेला अर्धा भाग सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करतो. शेवटी पुश-पुल, म्हणजे उलटसुलट सिग्नलवर मिळून काम करणाऱ्या, जोडणीतले दोन ६व्ही६ हे आउटपुट व्हॉल्व्ह आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ५वाय३ आहे. कॅथोडला २५० ओहमचा एकच सामायिक रेझिस्टर असल्यामुळे बायस (सिग्नल नसतानाचा व्हॉल्व्हचा प्रवाह ठरवणारे व्होल्टेज) जुळवण्यासाठी वेगळा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा मागवला होता. सर्व सुटे भाग जुन्या पद्धतीप्रमाणे काळ्या फायबरच्या आयलेट बोर्डावर, म्हणजे सोल्डरिंगसाठी धातूच्या पोकळ कड्या बसवलेल्या पत्र्यावर, बसवलेले आहेत.

सिरीज बल्ब (शॉर्ट असल्यास प्रवाह आवरणारा, मालिकेत जोडलेला दिवा) लावून पहिल्यांदा चालू केला तेव्हा काही वावगे दिसले नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर वाजलाही. मात्र तीन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे सतत हमिंग येते आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ते तसेच राहते. दुसरी, व्हॉल्यूम आठच्या पुढे नेला की बारीक शिट्टी सुरू होते. तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते: पंधरावीस मिनिटांनी दोनपैकी एकाच ६व्ही६ची प्लेट मंद लाल दिसू लागते. वायरिंगचा प्रत्येक जोड नकाशाशी ताडून पाहिला आहे आणि रेझिस्टर बसवण्यापूर्वी मोजलेलेही आहेत. पुढे कोणत्या क्रमाने जावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

सहा_तारा

अभिनंदन! रॉक संगीतकार नील यंग यांचा १९५९ सालचा डिलक्स याच घराण्यातला, त्यामुळे या आवाजाचे आकर्षण मी समजू शकतो. माझा सल्ला असा की, किटसोबत आलेले व्हॉल्व्ह काढून त्या जागी जुने अमेरिकन ६व्ही६ बसवावेत आणि शिट्टीसाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावून पाहाव्यात. माझ्या दुसऱ्या एका अ‍ॅम्प्लिफायरची शिट्टी त्या अदलाबदलीने लगेच थांबली होती.

ओहमराव

सहा_तारा, आपला उपाय आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला लागू पडला याचे कारण त्यात स्पीकरच्या बाजूने मागे आणलेला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश उलट करून आधीच्या टप्प्यात परत देणारी जोडणी, असणार. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलट लागल्या तर फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर ओरडू लागतो. धाकट्या ‘चॅम्प’च्या ५एफ१ आराखड्यातही असा फीडबॅक आहे, त्यामुळे ते किट जोडणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. ५ई३मध्ये मात्र असा फीडबॅक मुळात नाहीच. वायरी बदलल्याने शिट्टी थांबलीच तर त्याचा अर्थ इतकाच होईल की, वायरींच्या जवळिकीमुळे होणाऱ्या गळतीची दिशा बदलली, आणि मूळ दुखणे मात्र जागेवर राहिले.

महागडे जुने व्हॉल्व्ह आत्ताच बसवण्याला तर माझा ठाम विरोध आहे. ज्या सॉकेटमध्ये एक व्हॉल्व्ह लाल होत आहे, त्याच सॉकेटमध्ये कारण न शोधता दुसरा, त्याहून दुर्मिळ व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे तोही गमावण्याची तयारी ठेवणे होय.

जुना_व्हॉल्व्ह

मी आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ आणि सभासमारंभांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर क्वचितच हाताखालून गेले असले तरी त्यातली वीज काही निराळी नसते. मांडवीकर, आपल्या वर्णनातला सर्वांत मोलाचा शब्द ‘एकच’ हा आहे. दोन्ही ६व्ही६ लाल होत असते तर सामायिक कॅथोड रेझिस्टर, त्याच्या समांतर असलेला २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शॉर्ट होणे किंवा एकंदर व्होल्टेज जास्त असणे अशा दोघांनाही लागू पडणाऱ्या कारणांकडे पाहावे लागले असते. एकच लाल होत असल्यामुळे कॅथोडकडचा सगळा भाग संशयातून जवळजवळ सुटतो, कारण तो दोघांचा सामायिक आहे. आता शोध व्हॉल्व्ह, त्याची ग्रिड आणि त्या ग्रिडपर्यंत पोहोचणारे भाग यांच्यापुरताच उरतो.

मोजमापाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट बजावून सांगतो. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी आहे आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसीतले चढउतार कमी करणाऱ्या कपॅसिटरमध्ये) तो साठून राहू शकतो. प्रत्येक वेळी प्लग काढल्यावर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकापासून चॅसीपर्यंत, म्हणजे धातूच्या सांगाड्यापर्यंत, लावावा आणि व्होल्टेज उतरले आहे हे मीटरवर पाहूनच आत हात घालावा. मीटरचे काळे टोक क्लिपने चॅसीला लावून ठेवावे, लाल टोक उजव्या हातात धरावे आणि डावा हात पाठीमागे ठेवावा. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर चालवू नये. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, खरोखर काम करते की नुसती भिंतीत आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

आता पुढील ठिकाणचे डीसी व्होल्टेज चॅसीच्या संदर्भाने मोजून कळवावेत: तिन्ही फिल्टर कपॅसिटर, प्रत्येक ट्रायोडची प्लेट, सिग्नल विभागणाऱ्या ट्रायोडचा कॅथोडही, दोन्ही ६व्ही६चा सामायिक कॅथोड आणि दोघांची पाच क्रमांकाची पिन, म्हणजे ग्रिड. अ‍ॅम्प्लिफायर बंद व कपॅसिटर रिकामे असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे ६व्ही६च्या प्लेटांना जोडलेल्या गुंडाळीच्या, दोन्ही अर्ध्या भागांचा रोधही मोजावा. नंतर क्लिपा आधी लावून मग अ‍ॅम्प्लिफायर चालू करावा आणि त्या प्रत्येक अर्ध्या भागावर किती व्होल्ट पडतात ते टिपावे. या वेळी मीटरची दोन्ही टोके उच्च व्होल्टेजवर असतात, म्हणून चालू स्थितीत क्लिपांना स्पर्श करू नये. लाल होणारा व्हॉल्व्ह दिसताच अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा.

न्यूजर्सीकर

जुना_व्हॉल्व्ह काकांच्या सूचनांना एक पुरवणी. हमिंग ५० हर्ट्झचे आहे की १०० हर्ट्झचे, हे गिटारनेच ओळखता येते. ट्यून केलेल्या गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत जो ‘जी’ स्वर मिळतो, त्याची कंप्रता ९८ हर्ट्झ असते. हमिंग त्या स्वराच्या किंचित वर लागत असेल तर ते १०० हर्ट्झचे आहे आणि त्याचे मूळ रेक्टिफायरनंतरच्या उच्च व्होल्टेजमधल्या रिपलमध्ये, म्हणजे डीसीवर उरलेल्या चढउतारात, आहे. ते त्याहून एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झचे, म्हणजे बहुधा हीटरच्या वायरींतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेले आहे. इथे अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे मला ही सोपी खूण वापरता येत नाही. १२० हर्ट्झ ‘बी फ्लॅट’ आणि ‘बी’ यांच्या मधोमध कुठेतरी पडतो.

आपण ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर मागवलात हे फार चांगले केले. भारतातील काही मित्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे किट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतात. व्होल्टेज बरोबर मिळते, पण ६० हर्ट्झसाठीच बेतलेला गाभा ५० हर्ट्झवर अधिक तापतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही.

मांडवीकर

सर्वांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे घेतलेली मापे पुढे देत आहे. त्या वेळी घरातला पुरवठा २३४ व्होल्ट होता.

फिल्टर कपॅसिटर अनुक्रमे ३५८, ३१७ आणि २३७ व्होल्ट. १२एवाय७च्या दोन्ही प्लेट १४३. १२एएक्स७ची पहिली प्लेट १५८, सिग्नल विभागणाऱ्या भागाची प्लेट १८४ आणि त्याचा कॅथोड ५२. दोन्ही ६व्ही६चा सामायिक कॅथोड २१.८. प्रायमरीचा एक अर्धा भाग १२८ ओहम असून त्यावर ४.१ व्होल्ट पडतात. दुसरा १४१ ओहम असून त्यावर ७.०५ व्होल्ट पडतात. लाल होणारा व्हॉल्व्ह या दुसऱ्या भागावर आहे. ग्रिडचे म्हणाल तर एका ६व्ही६च्या पाच क्रमांकाच्या पिनवर शून्य आहे, परंतु लाल होणाऱ्याच्या पिनवर अधिक ४.५ व्होल्ट दिसतात.

हमिंग जाड तारेच्या ‘जी’च्या अगदी लगत, किंचित वर लागते, म्हणजे १०० हर्ट्झ.

ओहमराव

मापे इतकी नीटनेटकी आली आहेत की त्यांचा जमाखर्च मांडून पाहण्याचा मोह आवरत नाही. प्रायमरीच्या पहिल्या भागातून ४.१ भागिले १२८, म्हणजे ३२ मिलिअँपिअर जातात आणि दुसऱ्यातून ७.०५ भागिले १४१, म्हणजे ५० मिलिअँपिअर. एकूण ८२. आता पहिल्या व दुसऱ्या फिल्टरच्या मधल्या ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरवर ४१ व्होल्ट पडतात, म्हणजे त्यातून साधारण ८.७ मिलिअँपिअर जातात. त्यातले सुमारे ३.६ पुढे २२ किलोओहममधून पहिल्या दोन व्हॉल्व्हना मिळतात, म्हणजे ५.१ दोन्ही ६व्ही६च्या स्क्रीन ग्रिडना (प्लेटच्या बाजूच्या दुसऱ्या ग्रिडना) जातात. ८२ आणि ५.१ मिळून ८७.१. कॅथोडच्या २५० ओहमवर एवढ्या प्रवाहाने २१.८ व्होल्ट पडायला हवेत आणि आपण मोजलेतही तेवढेच. म्हणजे मीटर, कॅथोड रेझिस्टर आणि मधले दोन्ही रेझिस्टर विश्वासार्ह आहेत, आणि प्रवाह कुठे भलतीकडे निसटत असल्याचेही दिसत नाही.

दोष फक्त वाटणीत आहे. प्लेट आणि कॅथोडमधले अंतर सुमारे ३३६ व्होल्ट धरले तर एक व्हॉल्व्ह पावणेअकरा वॅट उष्णता सोसतो आहे आणि दुसरा जवळपास सतरा. ६व्ही६जीटीच्या जुन्या तक्त्यांत प्लेटची मर्यादा १२ वॅट दिली आहे आणि नंतरच्या, वेगळ्या पद्धतीने ठरवलेल्या तक्त्यांत १४. सतरा वॅट यांपैकी कोणत्याच हिशेबात बसत नाहीत, त्यामुळे प्लेट लाल होणे अगदी स्वाभाविक आहे.

हमिंगही याच विषमतेतून येत असावे. पुश-पुल जोडणीत पहिल्या फिल्टरवरचा रिपल ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखाच शिरतो आणि परस्परविरुद्ध दिशांमुळे नाहीसा होतो. म्हणूनच मूळ आराखड्यात पहिला फिल्टर केवळ १६ मायक्रोफॅरडचा असूनही भागत असे. दोन्ही बाजूंचा प्रवाह विषम झाला की ही वजाबाकी अपुरी राहते आणि उरलेला १०० हर्ट्झ स्पीकरमध्ये ऐकू येतो.

सहा_तारा

मग पहिला फिल्टर ४७ मायक्रोफॅरडचा केला तर हमिंग कमी होणार नाही का?

ओहमराव

कमी होईल, पण ५वाय३ला ते मानवणार नाही. चालू होताना आणि प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शिखरावर मोठा कपॅसिटर रेक्टिफायरकडून प्रवाहाचा जोरदार झोत ओढून घेतो. १६च्या जागी २२ बसवण्यापर्यंत माझी हरकत नाही, त्यापुढे आहे. शिवाय पुरवठा कडक झाला की जोरात वाजवताना व्होल्टेज दबण्याने जो लवचिकपणा येतो, आणि ज्यासाठी लोक हा अ‍ॅम्प्लिफायर बनवतात, तो उणावतो.

जुना_व्हॉल्व्ह

ओहमरावांच्या गणिताशी मी सहमत आहे. आता त्या ४.५ व्होल्टचा माग काढू. हे व्होल्टेज ग्रिडवर तीन वाटांनी येऊ शकते. व्हॉल्व्हमध्येच दोष असेल, म्हणजे आत वायू उरला असेल किंवा ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडत असेल. सिग्नल विभागणाऱ्या ट्रायोडच्या १८४ व्होल्टच्या प्लेटपासून येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे जाऊ देणारा आणि डीसी अडवणारा) गळत असेल. किंवा या दोहोंखेरीज तिसऱ्याच कुठल्या पृष्ठभागावरून गळती होत असेल.

दोन्ही ६व्ही६ची जागा बदलून पाहावी. ४.५ व्होल्ट व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेले तर दोष व्हॉल्व्हचा. ते त्याच सॉकेटवर राहिले तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, कपॅसिटर रिकामे करून कपलिंग कपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक सोल्डर वितळवून मोकळे करावे आणि पुन्हा मोजावे. पूर्वीच्या कागदी कंडेन्सरांमध्ये अशी गळती नित्याची होती. रेडिओ दुरुस्तीला आला की मी आधी तोच बदलत असे. नव्या पॉलिएस्टर कपॅसिटरमध्ये मात्र ती दुर्मिळ आहे.

मांडवीकर

व्हॉल्व्हची अदलाबदल केली. अधिक व्होल्टेज त्याच सॉकेटवर राहिले आणि आधी थंड असलेला व्हॉल्व्ह आता तापू लागला. त्यानंतर कपलिंग कपॅसिटरचे टोक मोकळे केले. आता त्या ग्रिडला बोर्डावरच्या २२० किलोओहमच्या रेझिस्टरशिवाय दुसरा कोणताही भाग जोडलेला नाही. तरीही पाच क्रमांकाच्या पिनवर ३.९ व्होल्ट दिसत आहेत.

दोन दिवस इथे पावसाची संततधार आहे आणि पुरवठा मधूनमधून जात असल्यामुळे पुढचे काम रेंगाळले आहे.

न्यूजर्सीकर

ही शेवटची ओळच कदाचित उत्तर असेल. आपला बोर्ड काळ्या व्हल्कनाइज्ड फायबरचा आहे ना? हा पदार्थ म्हणजे दाबून बनवलेला कागदच. तो हवेतली ओल शोषतो आणि ओल शोषली की काही प्रमाणात वीज वाहू लागतो. जुन्या फेंडर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत हे दुखणे दुरुस्ती करणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. बोर्डाच्या दोन आयलेटमधल्या कोऱ्या जागेवर मीटरचे टोक टेकवले तरी त्यांना काही व्होल्ट दिसतात. २२० किलोओहमवर ३.९ व्होल्ट उभे राहायला १८ मायक्रोअँपिअरसुद्धा पुरतात, म्हणजे शेजारच्या दोनशे-अडीचशे व्होल्टच्या आयलेटपासून दहा-बारा मेगाओहमची वाट मिळाली तरी काम झाले. कोरड्या हवेत हाच बोर्ड शंभर मेगाओहमच्या वर राहिला असता आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. कोकणातला आषाढ मात्र या बोर्डाच्या कल्पनेतही नसणार.

मीटरचे काळे टोक चॅसीला आणि लाल टोक कोऱ्या बोर्डावर, त्या ग्रिडच्या आयलेटभोवती ठिकठिकाणी टेकवून पाहावे. मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असल्यामुळे दिसणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असेल. तरी शून्याहून वेगळे काहीही दिसले तर निदान निश्चित समजावे.

जुना_व्हॉल्व्ह

न्यूजर्सीकरांचा तर्क मला पूर्ण पटतो. पावसाळ्यात बिघडणारे आणि दिवाळीत आपोआप सुधारणारे रेडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत. गिऱ्हाईक म्हणे, ‘आता वाजतोय, राहू द्या’, आणि पुढच्या ज्येष्ठात परत घेऊन येई. एक पडताळा घ्यावा: अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, कपॅसिटर रिकामे करून बोर्डाच्या त्या भागावर केस वाळवण्याच्या यंत्राने बराच वेळ कोमट हवा सोडावी आणि लगेच पुन्हा मोजावे. व्होल्टेज उतरले तर ओल सिद्ध झाली. मात्र हा उपाय नव्हे. दमट हवेत ओल परत येणार.

एक सावधगिरी: फ्लक्सचे, म्हणजे सोल्डरिंगच्या वेळी वापरलेल्या राळेचे, डागही कधी कधी गळती करतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन त्या आयलेटभोवतीची जागा साफ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी, म्हणजे दोषी फ्लक्स की बोर्ड हा संशय उरणार नाही.

मांडवीकर

निदान तंतोतंत बरोबर निघाले. फ्लक्स साफ केल्याने काहीच फरक पडला नाही. कोऱ्या बोर्डावर ग्रिडच्या आयलेटजवळ ६ व्होल्ट आणि २३७ व्होल्टच्या आयलेटकडे सरकत गेल्यावर ११ व्होल्टपर्यंत आकडा मिळाला. कोमट हवा दिल्यानंतर पिनवरचे ३.९ उतरून ०.६ झाले आणि कपॅसिटर पुन्हा जोडून चालू केला तेव्हा हमिंगही ऐकून समजेल इतके उणावले. रात्रभर तसाच ठेवून सकाळी मोजले, तर व्होल्टेज पुन्हा तीनच्या वर गेले होते.

बोर्डावर व्हार्निश किंवा मेणाचा थर देऊन भागेल, की बोर्डच बदलावा?

न्यूजर्सीकर

बदलावाच. मूळ बोर्डही मेणात बुडवलेले असत आणि तरीही त्यांनी ओल धरलीच. व्हार्निश दिल्यास आत शिरलेली ओल आतच कोंडली जाते. शिवाय आयलेटच्या छिद्रांच्या कडा आणि बोर्डाखाली बसवलेला दुसरा, उघडा फायबरचा पत्रा हे दोन्ही व्हार्निशच्या आवाक्याबाहेर राहतात. त्या खालच्या पत्र्याला बहुतेक जण विसरतात. तोही त्याच जातीचा असेल तर वरचा एकटा बोर्ड बदलून उपयोग नाही.

काचतंतू आणि इपॉक्सीचा, म्हणजे प्रिंटेड सर्किटच्या कोऱ्या पत्र्यासारखा तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. मात्र त्यावर तांब्याचा थर नसावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केल्यास मिळायला हरकत नाही. जुन्या बोर्डाची छिद्रे त्यावर ठेवून आखता येतात. छिद्रे पाडताना उडणारी काचेची पूड श्वासात जाऊ नये म्हणून मास्क आणि पाण्याचा शिपका दोन्ही वापरावेत. आयलेटऐवजी टरेट (धातूचे छोटे उभे खुंट) वापरले तर पुढे भाग बदलणे सोपे जाते.

सहा_तारा

मग याला ‘विंटेज’ म्हणायचे का, असा प्रश्न मनात येतो. काळा बोर्ड हा त्या काळच्या घडणीचा भाग आहे आणि अनेकांना तो दिसायला हवा असतो.

ओहमराव

दिसायला म्हणजे नेमका कोणाला? बोर्ड चॅसीच्या आत, मागच्या फळीमागे असतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कोरड्या हवेत लिओ फेंडर यांनी स्वस्त, सहज कापता येणारा आणि त्या वेळी उपलब्ध असलेला पत्रा निवडला, यात त्यांचे काही चुकले नाही. आवाजात त्या पत्र्याचा वाटा असलाच तर तो गळतीचा आहे, आणि त्या गळतीपायी मांडवीकरांचे दोन ६व्ही६ जायची वेळ आली होती. रेझिस्टरांची मूल्ये, ट्रान्सफॉर्मर, बायसची पद्धत आणि स्पीकर हे राखले की आराखडा राखला गेला, असे माझे मत आहे.

मांडवीकर

इपॉक्सीचा बोर्ड तयार करून सर्व भाग त्यावर हलवले. खालचा पत्राही काढून टाकला. पावसाचा जोर कायम असतानाची नवी मापे अशी: पहिला फिल्टर ३६२ व्होल्ट, सामायिक कॅथोड २०.२, दोन्ही ग्रिडवर शून्य, आणि प्रायमरीच्या दोन भागांतून ३७.४ व ३८.६ मिलिअँपिअर. हमिंग आता कान स्पीकरला लावल्यावरच कळते. तास-दीड तास वाजवूनही प्लेट लाल झालेली नाही.

शिट्टी मात्र आहे तिथेच आहे.

जुना_व्हॉल्व्ह

ग्रिडचा दोष गेला आणि शिट्टी राहिली, म्हणजे ती स्वतंत्र तक्रार आहे. पहिल्या टप्प्याच्या ग्रिडच्या वायरीजवळून प्लेटची किंवा आउटपुटची वायर गेलेली असावी. कोरडी बांबूची काडी घ्यावी, व्हॉल्यूम शिट्टीच्या उंबरठ्यावर ठेवावा आणि काडीने एकेक वायर किंचित हलवून पाहावी. जिच्या हलण्याने शिट्टी थांबते किंवा वाढते, ती वायर सापडली. चॅसीचे छायाचित्र चढवता आले तर आम्हीही पाहू.

न्यूजर्सीकर

छायाचित्र पाहिले. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरी किटसोबत आल्या त्याच लांबीच्या आहेत आणि जादा भाग वेटोळे करून व्हॉल्यूम-टोनच्या पॉटशेजारी ठेवला आहे. त्या वायरींवर शंभराहून अधिक व्होल्टचा एसी सिग्नल फिरत असतो आणि पॉटवर त्याच सिग्नलचे अगदी लहान रूप असते. ही दोन्ही शेजारी ठेवली की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचेच ऐकू लागतो. प्लेटच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून, चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून ६व्ही६पर्यंत न्याव्यात आणि उरलेली लांबी कापून टाकावी. इनपुट जॅककडून १२एवाय७च्या ग्रिडकडे जाणाऱ्या वायरींना शील्डेड वायर वापरावी आणि शील्ड फक्त एकाच टोकाला चॅसीला जोडावी. दोन्ही ६व्ही६च्या पाच क्रमांकाच्या पिनवर, अगदी सॉकेटला लागून, १.५ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घालावा. मूळ आराखड्यात तो नाही, पण मी जोडलेल्या प्रत्येक ५ई३मध्ये तो बसवला आहे आणि आवाजात फरक जाणवलेला नाही.

ओहमराव

नव्या मापांवर एक टिपणी. ३८.६ मिलिअँपिअर आणि प्लेट-कॅथोडमधले सुमारे ३४२ व्होल्ट धरले तर तेरा वॅटच्या थोडे वर जाते. ५ई३ मुळातच व्हॉल्व्हना असे ताणून चालवतो आणि नव्या बनावटीचे बहुतेक ६व्ही६ ते सहन करतात. मात्र रत्नागिरीत रात्री पुरवठा २४५च्या पुढे जात असेल तर कॅथोडचा रेझिस्टर २५० ऐवजी २७० ओहमचा करावा. प्रत्येक व्हॉल्व्हवरचा भार थोडा उतरेल. त्याच्या समांतर असलेला कपॅसिटर मूळ नकाशात २५ व्होल्टचा आहे आणि इथे कॅथोडच वीस-बावीस व्होल्टवर आहे. तो ५० किंवा १०० व्होल्टचा घ्यावा, कारण तो शॉर्ट झाला की दोन्ही ६व्ही६ एकदम लाल होतील. रात्रीच्या पुरवठ्यात हीटरचे व्होल्टेजही एकदा पाहावे, ६.३ व्होल्टला दहा टक्के वर-खाली चालते, म्हणजे ६.९च्या आत राहिले पाहिजे.

मांडवीकर

प्लेटच्या वायरी कापून, पिळून कोपऱ्यातून नेल्या आणि शिट्टी पूर्णपणे थांबली. काडीने शोधताना पॉटजवळचे वेटोळे हेच कारण असल्याचे स्पष्ट दिसले, त्यामुळे शील्डेड वायर तूर्त घातलेली नाही. १.५ किलोओहमचे रेझिस्टर, २७० ओहमचा कॅथोड रेझिस्टर आणि १०० व्होल्टचा कपॅसिटर बसवले आहेत. रात्री पुरवठा २४६ असताना हीटरवर ६.७ व्होल्ट मिळाले.

एक शंका उरली आहे. गिटार एका चॅनेलमध्ये लावून दुसऱ्या, रिकाम्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाजाची पातळी आणि पोत दोन्ही बदलतात. हा दोष आहे का?

सहा_तारा

याचे उत्तर मी देतो, कारण वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग अधिक आहे. हा दोष नाही. ५ई३मध्ये दोन्ही चॅनेलचे एक-एक मेगाओहमचे व्हॉल्यूम पॉट पुढे एकाच ठिकाणी थेट जोडलेले असतात, मध्ये त्यांना वेगळे ठेवणारा रेझिस्टर नाही. त्यामुळे रिकाम्या चॅनेलचा पॉट वाजणाऱ्या चॅनेलवर भार टाकतो. रिकाम्या चॅनेलचा व्हॉल्यूम सुरुवातीला अर्ध्यावर ठेवून, वाजणारा सहावर नेऊन, मग रिकाम्या चॅनेलचा सावकाश फिरवत आपल्या गिटारला मानवणारी जागा शोधावी. टोनचा पॉटही याच जोडावर असल्यामुळे तो दहाच्या जवळ नेला की केवळ तीव्र स्वरच नव्हे, तर एकंदर आवाज फाटण्याची मात्राही वाढते. सिंगल-कॉइल पिकअप असलेल्या गिटारला मी टोन पाचच्या वर क्वचितच नेतो.

मांडवीकर

समजले. रिकामा चॅनेल चारवर आणि वाजणारा सातवर ठेवल्यावर मला हवा तो आवाज मिळाला. नव्या बोर्डाच्या छिद्रांचा आराखडा मापांसह कागदावर उतरवला आहे. कोकणात किंवा गोव्यात कोणी हे किट जोडणार असेल तर निरोप द्यावा, मी तो पाठवून देईन.